आत्याचा सरळ काठ आणि माझा वाकडा

…नाही नाही, हसा, खुशाल हसा, पण आधी ही बोटं बघा! चार बोटांना पट्ट्या, अंगठ्याला फोड, आणि ही करंगळी तर आता माझं ऐकतच नाही, वेगळी निघालीय ती… आणि हा माणूस कोण, तर कारखान्याचा मालक! मालकाच्या बोटाला काय असावं? फार तर शाईचा डाग. पण काय झालं, सरकारनं कराचा कायदा सोपा केला. मग निर्यातीचं धोरण सोपं केलं. दोन्ही एकाच वर्षात सोपी झाली आणि मी मधे सापडलो. सोपं झालंय हो सगळं!

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा पायपुसण्यांचा. काथ्याची पायपुसणी, हातमागावर विणलेली, थेट परदेशात जातात. चारचौघांत मी म्हणतो, "आपला माल परदेशात असतो," की लोक उठून खुर्ची देतात. "कसला माल?" विचारलं आणि मी सांगितलं, की खुर्ची हळूच परत घेतात. आता त्यात हसण्यासारखं काय? मोठमोठ्या लोकांचे पाय लागतात माझ्या मालाला! तुमच्या कुठल्या वस्तूला लागतात?

तर कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. कागदावर मालक मी, पण शेड तिची, माग तिचे, हाताखालच्या बायका तिच्या, आणि आई-वडील लवकर गेल्यामुळे मीही तिचाच. विणायला बसली की काठ असा सरळ काढते, की पट्टी लावली तर पट्टीनं लाजावं. लहानपणी मलाही बसवलं होतं तिनं मागावर. मी विणलं, तिनं काठ बघितला, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या हातातच वाकडं आहे. तू हिशेबाला बस." असा मी मालक झालो! लोक भांडवलावर मालक होतात, अकलेवर होतात, मी नापास होऊन झालो. तेव्हापासून आजपर्यंत ह्या बाईनं मला एकदा, एकदासुद्धा "चांगलं जमलं" म्हटलेलं नाही. मी परदेशी गिऱ्हाईक आणलं, तर म्हणाली, "त्याला काठ कळतो का?"

आता ह्यात करसल्लागार आले. आमचे सल्लागार म्हणजे जुना कायदा तोंडपाठ असलेला माणूस, कलमाचा नंबर टाकला की पोटकलमासकट बाहेर यायचं. आणि आला ना नवा कायदा! पानं कमी, भाषा सोपी, पण सगळ्या कलमांचे नंबर बदलले. बायकोनं स्वयंपाकघरातले डबे पुसून वेगळ्या क्रमानं लावले की आपण साखर शोधत कसे उभे राहतो, तसे उभे होते बिचारे स्वतःच्या ऑफिसात. पण तोंडानं काय? "मालक, सोपं झालंय सगळं! आधी दोन वर्षं असायची, कमाईचं वेगळं आणि आकारणीचं वेगळं. आता एकच, करवर्ष!" मी म्हटलं, वा, मग आत्ता आपण कुठल्या वर्षात आहोत? ते म्हणाले, "बघून सांगतो."

तर हे सल्लागार म्हणाले, मालक, नवीन मशीन घ्या. नवीन मशीन घेतलं की करात घसघशीत सूट. शिवाय ती परदेशी ऑर्डर आलीय, एवढी मोठी, हातानं कधी व्हायची? आणि मी ती ऑर्डर घेतली होती अगदी खर्च निघेल एवढ्याच भावात, कारण निर्यातीवर सरकार जो परतावा देतं तेवढाच माझा नफा. परतावा मिळाला तर शेड चालणार, नाही मिळाला तर मागासकट भंगारात. मी म्हटलं, घेऊ मशीन. कर्ज काढलं, मशीन आणलं, शेडमध्ये बसवलं.

आणि आत्यानं काय केलं माहितीय? भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं हो! तिनं आपल्या मागावर जुनी चादर घातली, घडी नीट काढली, कोपरे सारखे केले, आणि घरात येऊन शेडकडे पाठ करून बसली. आतून मशीन खटखट करतंय आणि ही भिंतीकडे बघतेय. बायको मला म्हणाली, "तुमच्या लक्षात येतंय का, त्यांनी आज माझ्या भाजीतसुद्धा चूक काढली नाही." खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. जिनं मला वाढवलं तिला मी एका मशीनसाठी घरात बसवलं, आणि का, तर करात सूट होती!

आणि मशीन तरी कसलं? त्यातून येणारं प्रत्येक पायपुसणं डावीकडे झुकलेलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, पण आमचं अंगण खरंच वाकडं! धुतल्यावर पाणी जावं म्हणून शेडच्या फरशीला उतार, त्यामुळे मशीनचा एक पाय खाली. मी म्हटलं चालतंय, पायपुसण्याला कोण पट्टी लावतंय?

लावतात. थांबा, सांगतो.

परिपत्रक आलं. निर्यात प्रोत्साहनाचं नवं, सुटसुटीत धोरण. आधी म्हणे फार गुंतागुंत होती, सगळ्यांनाच परतावा मिळायचा. आता सोपं. परतावा फक्त हातानं बनवलेल्या मालाला! म्हणजे बघा, एक खातं म्हणतं मशीन घे, सूट देतो. दुसरं खातं म्हणतं मशीन कशाला घेतलंस, परतावा देत नाही. मी सल्लागारांना फोन लावला. ते म्हणाले, "दोन्ही धोरणं आपापल्या जागी बरोबर आहेत, मालक." अहो, पण माझी जागा कुठली?

गेलो आत्याकडे. मान खाली घालून. म्हटलं, आत्या, चल, माग उघड. सरकारला हाताचं काम पाहिजे. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सरकारला पाहिजे. तुला नको होतं." मग उठली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर सुंभच, काथ्याची दोरीच, आमचा धंदा. चादर काढली, घडी घातली, बायकांना हाका मारल्या, आणि दिवसभर शेडमध्ये तिचा आवाज… "अगं, घट्ट ओढ! हात आहे का शेवग्याची शेंग?" मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच उभा राहून दोन शिव्या खाल्ल्या.

मग परताव्यासाठी तपासणी आली. तपासणीच्या बाई मोठ्या सभ्य, बॅगेतून स्टीलची पट्टी काढली आणि पुढच्या खोलीत टेबलाशी बसल्या. मी प्रामाणिक माणूस! दोन गठ्ठे ठेवले, वर चिठ्ठ्या लावल्या, हा हाताचा, हा मशीनचा. म्हटलं, हाताच्या मालाला तेवढा परतावा द्या. बाईंनी चिठ्ठ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. आत्याचं पायपुसणं घेतलं, काठाला पट्टी लावली, उलटं केलं, परत लावली, आणि मान हलवली. "हे यंत्रनिर्मित आहे."

मी म्हटलं, अहो नाही, हे आत्याचं! बाई म्हणाल्या, "नियमात स्पष्ट आहे. हातमालाच्या काठात नैसर्गिक अनियमितता असावी. इथे ती आढळत नाही." मग मशीनचं उचललं. पट्टी लावली, काठ डावीकडे पळालेला… आणि बाईंचा चेहरा असा खुलला! "बघा! ह्याला म्हणतात हात. ह्यात माणूस दिसतो."

म्हटलं बाई, शेडमध्ये चला, आत्याला मागावर बसवतो, डोळ्यांनी बघा. तर म्हणाल्या, "प्रत्यक्ष पाहणी जुन्या पद्धतीत होती. फार वेळ जायचा. आता फक्त नमुना. सोपं केलंय." म्हणजे तुमच्या सोयीसाठी तुम्ही बघणार नाही? मी लेखी अर्ज केला, बरं का, की माझ्या मशीनला चुकून माणूस ठरवलंय. उत्तर आलं, "आपला अर्ज निकषात बसत नाही." ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

मला वाटलं, आता आत्याला कसं सांगू? मन मारून सांगितलं. म्हटलं, आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस, त्या म्हणतात हे माणसाच्या हातचं नाहीच. ती थांबली. म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. "लिहून दिलंय?" म्हटलं, हो, तपासणीच्या अहवालात, शिक्क्यासकट. "आण इकडे." घेतला कागद, आणि फ्रेम करून मागाच्या वर लावला! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, सरकारनं लिहून दिलंय, माणसाला असं जमणं शक्य नाही म्हणून.

सल्लागार तर टाळी द्यायला आले. म्हणाले, मालक, उत्तम झालं, आता आत्याबाई यंत्र, तर त्यांच्यावर घसारा धरू. आत्यानं विचारलं घसारा म्हणजे काय. मी म्हटलं, वस्तू जुनी होत जाते तशी दर वर्षी तिची किंमत थोडी कमी धरायची. आत्या म्हणाली, "मग हे ह्या घरात मला कधीपासून लागू आहे!" बायको एकदम भांडी आवरायला निघून गेली.

तरी म्हटलं, जाऊ दे. मशीन वाकडं विणतंय, त्याला परतावा मिळतोय, तेवढ्यावर आत्याचे माग चालतायत. गाडं चाललंय, हात लावू नये. मी शेडच्या दारावर पाटीच लावली, मशीनला कोणी शहाणपणानं हात लावू नये. पण मला मेहुणा आहे, हे मी विसरलो.

आमचा मेहुणा म्हणजे खिशात पाना घेऊन जन्माला आलेला माणूस. कुणाच्या घरी गेला की आधी नळ बघतो. मी चार दिवस बंदराच्या गावी, माल चढवायला. परत येतो तर हा दारात, दात काढून! "भावजी, तुम्हाला सरप्राइज! मशीन तिरकं बसलं होतं, तुमच्या कुणाच्या लक्षातच नाही. पायाखाली लोखंडी ठोकळा घातला, वरून सिमेंट ओतलं. आता बघा काठ! एकदम आत्यांसारखा!" म्हटलं, पाटी वाचली नाहीस? म्हणाला, "वाचली ना. शहाणपणानं हात लावू नये म्हणून प्रेमानं लावला." आता ह्याला मारायचं तरी कसं? बायकोचा एकुलता एक भाऊ.

झालं! ऑर्डरचा अर्धा माल अजून जायचाय, मशीन सरळ, आत्या सरळ, आत्यानं शिकवलेल्या सगळ्या बायका सरळ. परतावा मिळण्याजोगी वाकडी वस्तू अख्ख्या शेडमध्ये नाही. सिमेंट फोडायला गेलो तर मशीनच्या पायाला तडा जाईल म्हणाला गवंडी. आत्यापुढे हात जोडले. म्हटलं, आत्या, थोडं, अगदी बोटभर वाकडं काढ, नाहीतर हे माग विकायला लागतील. ती म्हणाली, "माग विक. पण वाकडा काठ माझ्या हातून निघणार नाही." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मस्करी नव्हती ती. आणि मग हळूहळू… हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. आपादमस्तक.

म्हणाली, "तू बस."

आता कळलं ही बोटं कशानं फुटली ते? रोज सकाळी मालक मागावर! हिशेब बायको बघते, आणि माझ्यापेक्षा बरा बघते. काथ्या टोचतो, कंबर धरते, आणि आत्या मागे उभी. पण तुम्हाला सांगतो, पहिल्याच नमुन्याला बाईंनी पट्टी लावली आणि अक्षरशः भारावल्या. म्हणाल्या, "एवढी नैसर्गिक अनियमितता मी आजवर पाहिली नाही." परतावा मंजूर! लहानपणी ज्या हातांनी नापास झालो, त्याच हातांवर आज शेड उभी आहे. आत्याचा माग चालू, मशीन चालू, कर्ज फिटतंय. सगळं व्यवस्थित… मग रडतोय कशाला, म्हणाल.

काल काय झालं माहितीय? मी विणत होतो, आत्या मागून आली, नेहमीसारखा काठ हातात घेतला, डोळे बारीक केले. मी शिवीची वाट बघतोय. आणि ती… माझ्या डोक्यावर हात ठेवला हो तिनं. म्हणाली, "चांगलं जमलंय रे."

अख्खं आयुष्य ह्या एका वाक्याची वाट बघितली मी! आणि ते कानावर पडलं, डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी काळजात धस्स झालं. धावत जाऊन पट्टी आणली, काठाला लावली…

सरळ.

आता सांगा, काय करू? परवा बाई यायच्यात तपासणीला. आत्या गावभर सांगत सुटलीय, पोराचा हात बसला म्हणून. तिच्यादेखत मुद्दाम वाकडं विणू? कसं विणू? सल्लागारांना विचारलं, तर म्हणाले, काळजी करू नका मालक, तुम्हीही आता यंत्रात बसता, आपण तुमच्यावरही घसारा धरू. सोपं झालंय हो सगळं! एक माझं वाकडं तेवढं हाताशी होतं… तेही गेलं.