पाठीवरची पिन

पोरांनो, असं समजा, की सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर तुम्ही बाकावर बसला आहात आणि आत तुमची आई आहे. नऊ वर्षांची काजल तशीच बसली होती. "सोबत कोणी आहे ना?" असं सिस्टरनं विचारलं, तेव्हा तिनं मान हलवून हो म्हटलं होतं. खरं तर बाबा सही करून ड्यूटीवर परत गेले होते.

शेजारी रूपराव आणि गळ्यात हात बांधलेला त्यांचा मुलगा अंकुश बसले होते. अंकुश विमानातून उडी मारायला शिकवायचा.

"छत्री विमानातच काऊन उघडली?" रूपरावांनी त्याला विचारलं.

"मोठी नाई बाबा, जादाची. मोठी दगा देईन तेव्हासाठी असते ते. तिची पिन पाठीवर राह्यते. दाराले घासून निघाली. छत्री दाराबाहेर गेली अन् मले ओढत घेऊन गेली."

"आधी कोणी पाहत नाई का?"

"आपली पाठ आपल्याले दिसत नाई, म्हणून दुसऱ्याले पाह्यले सांगा लागते. मी साही पोरांच्या पाठी पाह्यल्या."

"अन् तुही पाठ?"

"नाई पाह्यली कोणी."

"काऊन? सांगाले तोंड नोयतं?"

"मी शिकवणारा. शिकणाऱ्याले कसं म्हणू, जरा माह्याकडे पाह्य म्हणून?"

"लहानपणी पडला तरी असाच गप्प राहे तू."

"कोणाले सांगू? तुम्ही तं दिवसभर वावरात राहत होते."

रूपराव त्याच्याजवळ सरकले.

"आता आहो ना इथं. सांगत जाय."

काजल बाकावरून उतरली, सिस्टरच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "सिस्टर, माह्यासोबत कोणीच नाई."