‘आवं’ला ओ देणारा बोकड

सुलक्षणा: दिवाळीत मी काय म्हणाले होते, आठवतंय? तुझ्या सासूबाईंना सांग, बोकडाला ‘आवं’ म्हणून हाक मारू नका. एक दिवस खरंच नवऱ्याला बोलवायची वेळ येईल आणि बोकड येऊन उभा राहील.

नीलम: आठवतंय, ताई. मी तुझ्या डब्यात चकल्या भरत होते आणि हसत होते. म्हटलं, आमच्याकडे हे असंच असतं.

सुलक्षणा: आता त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. आणि मला तळेगावात हे कळलं कुणाकडून, तर जीपवाल्याकडून. सख्खी बहीण आहेस ना माझी? ओवी कशी आहे ते आधी सांग.

नीलम: ओवी मजेत. मांडीवर बसून चार्जरची वायर चावतेय. बाहेर काढली की रडते, आत घातली की मला घाम फुटतो. थांब, स्पीकरवर टाकते, एका हाताने जमत नाही.

साखरबाई (आतल्या खाटेवरून): कोन हाय? सुलक्षणा का? तिला म्हणावं, माझ्यावर हसायचं आसंल तर आत्ताच हसून घे. पाय बरा झाल्यावर मी ऐकून घेनार न्हाई.

सुलक्षणा: हसत नाही, आत्याबाई. पण बोकडाला ‘आवं’ कोण म्हणतं हो?

साखरबाई: मंग काय म्हनू? त्या येल्डिंगवाल्या लालमहंमदभाईच्या पोरीनं, रुबीनं त्येचं जे नाव ठिवलंय ते माझ्या तोंडातनं निघंल व्हय?

सुलक्षणा: काय नाव ठेवलंय तिने?

साखरबाई: तुला ठावं हाय. मला नगं बोलाया लावू.

नीलम: छळू नकोस गं त्यांना. पोपट. बोकडाचं नाव पोपट आणि आमच्या आबांचं नाव पोपटराव, त्याला कोण काय करणार? रुबीने काही मुद्दाम नाही ठेवलं. ते करडू होतं तेव्हापासून दिवसभर बडबडायचं, म्हणून पोपट. लालमहंमदमामांनी ईदसाठी आणलं होतं, पण ती पोरगी दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला मिठी मारून बसली. शेवटी मामा टेम्पोत घालून केडगावहून आमच्या मळ्यात सोडून गेले. म्हणाले, पोपटराव, तुमच्याकडं राहू द्या, पोरीला कधीमधी बघता येईल. तेव्हापासून रुबी येते, त्याचे कान पुसते आणि त्याच्याशी गप्पा मारून जाते.

सुलक्षणा: मग दुसरं नाव ठेवायचं.

नीलम: सगळं करून झालं. सर्जा म्हटलं, राजा म्हटलं, सत्यजीतने तर ‘सर’ म्हणून पाहिलं. तोंड फिरवून उभा. एक दिवस आत्यांनी सुबाभळीचा पाला पुढे धरला आणि म्हणाल्या, ‘आवं, घ्या आता.’ तर आला की टुणटुण. त्याला मानाने बोललेलं लागतं.

साखरबाई: मानाचं जाऊ दे. सकाळचा पेपर ह्येंच्या आदी त्यो वाचतो. निम्मा वाचतो, निम्मा खातो.

नीलम: आबांना रोज आतली पानं मिळतात. पहिल्या पानावर काय होतं ते शेजारी जाऊन विचारून येतात.

सुलक्षणा: तुमचं घर आहे की सर्कस?

नीलम: तू आलीस की तुला सगळे कसे बघतात, विसरलीस?

सुलक्षणा: बघतात कुठे? मागच्या वेळी मी दारात उभी, तुझ्या सासूबाई ओरडल्या ‘मावशी आली’, तर सगळ्यांनी चुलीकडे बघितलं.

साखरबाई: मांजराचं नाव मावशी हाय, तर आमी काय करावं? आन् ती बी तुझ्यासारखीच. येती, चव बघती, नावं ठिवती, जाती.

सुलक्षणा: आत्याबाईंचा पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे.

नीलम: ताई, चेष्टा पुरे. मला हे नीट सांगायचंय तुला. मी त्या दिवशी केडगावला गेले होते, अक्कलदाढ दाखवायला. ओवीला पहिल्यांदाच घरी ठेवून. जाताना आत्यांना दहा सूचना दिल्या. नाणी खाली ठेवू नका, शेंगदाणा देऊ नका, मावशीला पाळण्याखाली झोपू देऊ नका, सुपरवायझरला तोंड चाटू देऊ नका.

सुलक्षणा: सुपरवायझर म्हणजे तो कुत्रा.

नीलम: सत्यजीतने नाव ठेवलंय. त्याच्या कंपनीतला एक जण असाच आहे म्हणे, दिवसभर सगळीकडे चक्कर मारतो, हात कशाला लावत नाही. तर एवढं सगळं सांगितलं आणि हौदाचं सांगायला विसरले. म्हणजे विसरले असंही नाही, तो अंगणाच्या टोकाला, डोळ्यांपुढे रोज असतो ना, त्यामुळे त्याची भीतीच गेली होती. काठ बुटका. लाइट आली होती, मोटर चालू, हौद काठोकाठ भरलेला.

साखरबाई: मी पोरीला गोधडीवर बशिवली. म्हटलं, म्हशीला पेंड टाकून येते, हा गेले आन् ही आले. गोठ्याच्या दारात श्यान पडलं व्हतं. पाय गेला तो गेलाच. आंगाखाली आला. उठाय बघितलं तर डोळ्यापुढं काजवं.

नीलम: आणि तिथून त्यांना अंगण दिसत होतं, ताई.

साखरबाई: पोरगी गोधडीवरनं खाली उतारली. त्या पान्याचा आवाज येत व्हता ना, धबाधबा. तिकडं निघाली. हातावर, गुडघ्यावर, आपली मज्जेत.

सुलक्षणा: आणि आबा?

साखरबाई: वट्यावर. जुना स्टाटर खोलून बसल्यालं. मी हाक मारली, आवं. तर ह्यो शिंगं हालवीत माझ्यापुढं. म्हटलं, मुडद्या, तुला न्हाई. परत मारली. तर ह्येच्या मागनं त्यो सुपरवाजर आला. परत मारली, तर मावशी आली शेपूट वर करून. सगळी जत्रा गोळा झाली. ज्येला बोलावलं त्यो सोडून.

सुलक्षणा: ऐकू नाही गेलं त्यांना?

नीलम: गेलं. प्रत्येक हाक गेली. ते नंतर स्वतःच म्हणाले, मला वाटलं बोकडाला पाला टाकतीय.

सुलक्षणा: अगं बाई.

नीलम: बोकड आत्यांच्या तोंडापुढेच उभा, त्यामुळे त्यांना ओवी दिसेनाशी झाली. त्याला ढकलावं तर तो आणखी अंगाशी येतो, त्याला वाटतंय काहीतरी खायला मिळणार. तेव्हा त्यांनी...

साखरबाई: नगं सांगू गं.

नीलम: सांगू द्या हो, आत्या. त्यात लाजायचं काय आहे?

साखरबाई: तुला काय कळायचं. तू तर नवऱ्याला ‘सत्या’ म्हनती.

नीलम: तेव्हा त्यांनी नाव घेतलं, ताई. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. ‘पोपटराव, पोर हौदाकडं निघाली.’

सुलक्षणा: ‘राव’ लावून?

नीलम: तेवढ्या घाईतही. आणि तेच कामाला आलं बघ. नुसतं पोपट म्हटलं असतं तर बोकड त्यांच्या मांडीवर चढला असता. ‘राव’ म्हटल्यावर तोही बुचकळ्यात पडला, मागे सरला. आणि आबा हातातला पाना टाकून पळत सुटले. त्यांना कळेचना, घरात आपल्याला नावाने हाक मारणारं कोण आलं.

सुलक्षणा: ओवी कुठे होती तोवर?

नीलम: हौदाच्या अलीकडे सत्यजीतचं जुनं हेल्मेट आहे. तुला माहितीये ना, तुरेवाली कोंबडी त्यातच अंडी घालते, त्यामुळे त्याला दुसरं घ्यावं लागलं. कोंबडी उठून बाजूला झाली होती, बहुतेक अंगणातली पळापळ बघायला. आमच्या बाईसाहेब तिथे थांबल्या आणि हेल्मेटात हात घातला. आबा पोचले तेव्हा तोंड, केस, झबलं सगळं पिवळं. त्यांना आधी काही सुचेचना, हे काय लागलंय पोरीला. वास घेतल्यावर कळलं अंडं आहे. मग तिला उचलून ते तिथेच मातीत बसले.

सुलक्षणा: आणि आत्याबाई?

साखरबाई: आमी गोठ्यात. आमाला कोन इचारतंय. मी वरडतेय, पोर घावली का, तर ह्ये तिकडनं नुसतं हुं हुं करत्यात. रडत व्हते.

नीलम: आबा म्हणतात, मी रडत नव्हतो, पळून दम लागला होता.

साखरबाई: दम लागल्यावर डोळ्यातनं पानी येतं व्हय?

सुलक्षणा: मग आता सगळं ठीक ना? हौदाचं काय केलं?

नीलम: दुसऱ्याच दिवशी लालमहंमदमामा आले आणि वेल्डिंग करून जाळी बसवून गेले. आता हौदावर हत्ती उभा राहिला तरी हलायची नाही. मी तरी रोज सकाळी उठून हलवून बघते.

सुलक्षणा: तू बघणारच.

नीलम: हौदाचं झालं गं, आत्यांचं होईना. त्यांचं म्हणणं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. पहिले काही दिवस जेवताना आबांच्या ताटाकडे बघायच्या, त्यांनी भाकरी कमी खाल्ली तर ह्यांचा चेहरा उतरलेला. मी समजावलं, असं काही नसतं, तर मला म्हणाल्या, शिकल्याली हायेस, तुला न्हाई पटायचं, पन मला माझं बघू दे.

साखरबाई: आन् त्येंचं बघ. समद्या खुटबाव गावात सांगून आले. चावडीवर, दूध डेअरीत. आमच्या मंडळींनी माझं नाव घेतलं म्हनं. जसं काय मेडल मिळालं.

नीलम: घरी येऊन म्हणतात, परत एकदा घ्या की, मला नीट ऐकू आलं नाही.

सुलक्षणा: मग घेतलं का?

साखरबाई: घेते की. तिरडीवर घेते म्हनावं.

नीलम: असं बोलल्यावर परत स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण ताई, परवापासून जरा हसू यायला लागलंय. म्हशीमुळे.

सुलक्षणा: म्हशीने काय केलं?

नीलम: म्हैस आत्यांच्या हिरव्या लुगड्याशिवाय पान्हा सोडत नाही. आता आत्या खाटेवर. सत्यजीत गेला, लाथ खाऊन आला. मी गेले, तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच माघारी फिरले. शेवटी आबांनी हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि बादली घेऊन बसले. दिलं दूध. आत्यांनी खिडकीतून बघितलं. इतक्या हसल्या की प्लास्टर दुखायला लागलं.

साखरबाई: पदर नीट घेता येत न्हाई त्येंना. म्हटलं, खाली पडंल, शेनात भरंल.

नीलम: आबा गोठ्यातून म्हणाले, आयुष्य कमी झाल्यालं माणूस एवढं दूध काढतं का गं?

सुलक्षणा: आणि बोकडाचं? ‘आवं’ बंद केलं की नाही?

नीलम: मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, आजपासून बोकडाला ‘आवं’ कुणी म्हणायचं नाही. तर त्याने दोन दिवस पाल्याला तोंड लावलं नाही. रुबी आली, त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. मग काय, आबांचंच बदललं. आता आत्या त्यांना ‘ओवीचे आबा’ म्हणतात. आबांना पहिल्याच दिवशी जमलं.

सुलक्षणा: म्हणजे बोकडापेक्षा तुझे सासरे शिकवायला सोपे.

साखरबाई: ते मी लई आदीच वळखलंय.

सुलक्षणा: चला, छान झालं. ठेवू मग? माझी कणीक मळून ठेवलीय.

नीलम: थांब, ठेवू नकोस. स्पीकर बंद करते.

सुलक्षणा: काय झालं? आवाज का असा?

नीलम: काही नाही. ओवी झोपली मांडीवर. ताई, मला हौद स्वप्नात येत नाही. मला आबा येतात. ओट्यावर बसलेले. ते बहिरे नाहीत, वाईट तर मुळीच नाहीत. त्यांनी हाक ऐकली आणि काम चालू ठेवलं. कारण हाक रोजचीच होती. वेगळं काही ऐकू आलंच नाही त्यांना.

सुलक्षणा: होतं गं असं. झालं ना सगळं नीट.

नीलम: आई काल तुला फोनवर काय म्हणाली?

सुलक्षणा: आई? काही नाही. नेहमीचंच. मी बरी आहे, जेवले, तुम्ही आपापल्या घरचं बघा.

नीलम: मलाही तेच. परवाही तेच म्हणाली. त्याच्या आदल्या आठवड्यातही तेच.

सुलक्षणा: मग बरीच असेल ना.

नीलम: असेल. तू शेवटची कधी गेली होतीस?

सुलक्षणा: इथेच वरच्या आळीत तर आहे ती. जाते की मी. मध्ये बाजाराच्या दिवशी... नाही, तेव्हा पाहुणे आले होते. त्याआधी...

नीलम: मी इथून आत्ता निघू शकत नाही, आत्यांना उठवायला माणूस लागतं. कणकेवर फडकं टाक. तिला फोन करू नकोस, फोनवर ती कायम बरीच असते. तू जाऊन बघून ये.