बारनाबेची जागा

ओर्तांस : या पिल्लांची आई ओंदिन, ते मला दिसतंय, जिल्दास. मी बाप विचारतेय.

जिल्दास : ताई, आधी बस बघू. आत्ता कुठे बोटीतून उतरलीस. मोडलेल्या पायावर किती वेळ उभी राहणार?

ओर्तांस : बाप कोण?

जिल्दास : बारनाबेच की. दुसरा कोण असणार?

ओर्तांस : बारनाबेचं तोंड असं आहे? नाक आत दाबलेलं, पाय आखूड आणि जाड. आणि ही लोकर! आपल्या शार्त्रू मांजराच्या लोकरीत बोट घातलं तर मेंढीसारखी दुभंगते. ही नुसती मखमल आहे. बोल खरं.

जिल्दास : बरं बाई. ओंदिनला नांत शहरात नेली होती, त्या कर्नलच्या विधवेकडे. तिचा इंग्रजी बोका आहे ना... पण बारनाबेसारखाच निळा-राखाडी आहे गं! डोळेसुद्धा तांब्यासारखे. लांबून बघितलं तर –

ओर्तांस : लांबून बघितलं तर तूही माणूस दिसतोस!

जिल्दास : दे, शिव्या दे.

ओर्तांस : आजोबांच्या काळात कातडेवाले पोती भरून ही मांजरं न्यायचे, शहरात पाणमांजराची कातडी म्हणून विकायचे. जी उरली ती युद्धात लोकांनी उपाशीपोटी खाल्ली. या अख्ख्या बेटावर एक जोडी राहिली. ती मी जर्मनांच्या नाकाखाली कोळशाच्या तळघरात जगवली, माझ्या ताटातला मासा घालून. आणि मी हॉस्पिटलात पडले नाही, तोवर तू ओंदिनला इंग्रजाच्या दारात नेऊन सोडलीस?

जिल्दास : हळू बोल. वर पाहुणे उतरलेत.

ओर्तांस : ऐकू देत तुझ्या हॉटेलातल्या पाहुण्यांना!

जिल्दास : अगं, पॅरिसच्या मांजर-क्लबचे फेरां साहेब येतायत रविवारी. दोन पिल्लं नेणार आहेत.

ओर्तांस : काय म्हणून?

जिल्दास : अस्सल म्हणून. ती मठाची गोष्टही सांगितली मी त्यांना. मौन पाळणाऱ्या साधूंची मांजरं, म्हणून तीही बोलत नाहीत. फार खूश झाले.

ओर्तांस : त्या मठाच्या जुन्या कागदांत एका मांजराचा उल्लेख नाही, आणि तू गिऱ्हाइकाला साधू विकतोस! बारनाबे काय मेला होता? म्हातारा असला तरी बोका आहे तो. आहे कुठे? मी आले की दारापर्यंत येतो, कुत्र्यासारखा पायात घोटाळतो. बारनाबे! ए बारनाबे!

जिल्दास : नको हाका मारूस.

ओर्तांस : का?

जिल्दास : तो नाही गं आता.

(ओर्तांस खुर्चीवर बसते.)

ओर्तांस : कधी?

जिल्दास : तू गेल्यावर थोड्याच दिवसांत. मला कळलंच नाही, ताई. दुसरं मांजर असतं तर ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. हा खुर्चीखाली बसून नुसता माझ्याकडे बघायचा, तोंडावर ते हसू. मला वाटलं, मजेत आहे.

ओर्तांस : त्यांचं तोंडच तसं असतं, गाढवा! जीव चालला तरी हसरंच दिसतं. खातोय का बघायचं, अंगावरून हात फिरवायचा. एवढंसुद्धा जमलं नाही तुला? आणि मला कळवलंही नाहीस!

जिल्दास : डॉक्टर म्हणाले, तुला धक्का बसू द्यायचा नाही. तेवढ्यात ओंदिन माजावर आली. बेटावर दुसरा बोका नाही. वाटलं, तू परत येशील तेव्हा घरात निळी पिल्लं तरी असावीत. अर्धी का होईना.

ओर्तांस : मला विचारायचंस.

जिल्दास : तू नाही म्हणाली असतीस.

ओर्तांस : म्हणालेच असते! तेवढा हक्क नव्हता मला?

जिल्दास : आणि मग? शुद्ध, शुद्ध करत तीही एकटी म्हातारी झाली असती.

ओर्तांस : ते मी बघितलं असतं. रविवारी फेरांशी मी बोलणार. बाप इंग्रज आहे म्हणून सांगणार.

जिल्दास : क्लबातून नाव काढतील तुझं! वीस वर्षांची इज्जत जाईल. आणि माझं काय? त्यांची ओळखीची माणसं माझ्याकडे उतरतात.

ओर्तांस : काढू देत नाव. उद्या असल्याच पिल्लांना लोक शार्त्रू म्हणतील, आणि खरं मांजर कसं होतं ते सांगायला कुणी उरणार नाही. ते वंशाच्या दाखल्यावर माझ्या सहीने होणार नाही.

जिल्दास : मग या चौघांचं काय करू? बुडवू?

ओर्तांस : हात लावून बघ त्यांना! त्यांनी काय केलंय? खरं सांगून चांगल्या घरी द्यायची. उंदीर धरायला बापाचं नाव लागत नाही.

जिल्दास : आणि ओंदिन?

ओर्तांस : ओव्हेर्नच्या डोंगरात गोठ्यांमधून अजून निळे बोके दिसतात म्हणे. सोमवारी तिला घेऊन निघतेय मी.

जिल्दास : या पायाने? वेड लागलंय तुला!

ओर्तांस : म्हणून तर तू येतोयस. ओंदिनची टोपली तू धरायचीस. आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलायचा नाहीस.

जिल्दास : हॉटेल कोण बघेल?

ओर्तांस : आधी टोपली कोण धरणार ते सांग.

जिल्दास : बरं. धरतो टोपली.

ओर्तांस : आता हात दे. त्याला कुठे पुरलंस, तिथवर ने मला.