तिसऱ्या भागातलं कापलेलं वाक्य

सर्वांना जयभीम.

एवढ्या उन्हात तुम्ही आलात. आंजीहून घरची माणसं आली, प्रवीणचे विद्यार्थी नागपूरहून आले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. शाळेत शिकवते, उभं राहून बोलायची सवय आहे. पण इथं गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, आणि माझ्याजवळ ते थोडं आहे. मंडळी म्हणाली, मॅडम, दोन शब्द तरी बोला. म्हणून उभी आहे. दोन शब्दांत होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी वंदना, प्रवीणची बायको. समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत त्या त्याच्या आई. आमची एकुलती एक मुलगी गुंजन चार वर्षांची असताना आंजीला, त्यांच्या घरी, वारली. घरामागच्या शेततळ्यात बुडून गेली. त्या एका दुपारवर प्रवीणनं सिनेमा केला, आणि त्या सिनेमामुळं तुम्ही त्याला ओळखता.

आत्ताच एक जण म्हणाले, प्रवीणसरांच्या सिनेमात कोणीच वाईट नसतं, प्रत्येकाची बाजू असते. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागं बसून पाहत होते.

लग्नाचं शूटिंग करणारा माणूस होता तो. दुसऱ्याच्या घरचं हसू टिपायचा. गुंजन गेल्यावर दोन महिने त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एक दिवस मला म्हणाला, आपण तिघंही त्या दुपारबद्दल बोलू. मी, आई आणि तू. कोणाला दोष द्यायचा नाही. तू फक्त बोल, मी फक्त ऐकतो.

मी बोलले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं.

तुम्ही सिनेमा पाहिला आहे. तीच दुपार तीनदा येते. पहिला भाग बापाचा. तो इथं वर्ध्याच्या घरात कॅमेऱ्याची बॅटरी शोधतो आहे, एकटाच, कपाटं उघडतो आहे, आणि मग गावाकडून निरोप येतो. दुसरा भाग आजीचा. ती ओसरीत झोपली आहे. तिसरा भाग आईचा, म्हणजे माझा. मी भिंतीला टेकून बसले आहे आणि म्हणते, "मी फोनवर होते." पडदा काळा होतो. सिनेमा संपतो.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो तुमच्यासारखाच, लोकांत बसून. दिवे लागले आणि मागच्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, आई असून असं कसं झालं हो बाई? हळू विचारलं तिनं. मायेनंच विचारलं.

माझं वाक्य तिथं संपलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर मी म्हटलं होतं, "मी फोनवर होते. तुझ्याच फोनवर. तूच म्हणाला होतास, ठेवू नको."

बॅटरी सापडत नव्हती म्हणून त्यानं वर्ध्याहून मला आंजीला फोन केला होता. मी सांगितलं, दुसऱ्या कप्प्यात आहे. तिथं नव्हती. तो म्हणाला, "थांब, ठेवू नको, पाहून राह्यलो." मी थांबले. तो एकेक कप्पा उघडत होता, मला आवाज येत होता. तेवढ्यात पोरगी तळ्यावर पोचली.

सिनेमात फोन नाही. बाप एकटाच शोधतो.

मी त्याला विचारलं, पुढचं वाक्य कुठं गेलं? त्याला वाटलं मी सिनेमाबद्दल विचारते आहे. म्हणाला, "वंदना, तिथंच कापलं की लोकाइले लागते."

लोकांना लागलं. देवळीच्या माझ्या शाळेत एका मुलीच्या आईनं अर्ज दिला, या मॅडम सोबत असतील तर माझी मुलगी सहलीला जाणार नाही. मग दुसरीनं दिला. सहल पवनारला होती, नदी आहे ना तिथं. हेडमास्तरांनी मला बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, तुम्ही या वेळी राहू द्या. त्यानंतर मला कोणी सहलीचं विचारलंच नाही. त्याच वर्षी मी वर्धा सोडलं आणि देवळीत खोली केली.

प्रवीण मात्र गावोगाव जात होता. दुःख कसं दाखवायचं ते पोरांना शिकवत होता. तुम्हीच ती पोरं. तुमच्यावर माझा राग नाही. त्याचं दुःख खोटं होतं असंही मी म्हणत नाही. रडताना मी त्याला पाहिलं आहे. पण रडणाराही कापतो. बाजू तिघांच्या होत्या, कापायला बसला तो एकटा.

मागच्या महिन्यात त्यानं मला दवाखान्यात बोलावलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. हात सुजलेले, आवाज बसलेला. म्हणाला, मला माफ कर. मी म्हटलं, आईंना सांग. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत, त्यांना आत बोलाव आणि माझ्यासमोर सांग की फोन तुझा होता.

तो म्हणाला, "आईले नको. तिले सहन होनार नाई."

"आणि मले?"

"तू तं मजबूत आहे."

त्यानं पाणी मागितलं. मी पाजलं. माफी दिली नाही. देता आली असती. मरणाऱ्या माणसाला खोटं बोलायला काय लागतं? पण मी बोलले नाही. सहाव्या दिवशी तो गेला. मला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. माफ केलं का? नाही.

आता शेवटचं. आई, उठून जाऊ नका.

परवा मी यांच्याकडं आंजीला गेले. म्हटलं, शोकसभेत मी बोलणार आहे, त्याआधी तुम्हाला कळायला हवं. ओसरीत बसून सगळं सांगितलं. फोन कोणाचा होता, ठेवू नको कोण म्हणालं. मला वाटलं होतं या रडतील, किंवा मला हाकलतील.

त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय. तू फोनवर त्याचंच नाव घेत होती. मी आयकत होती ना अठीच."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत?

"नात गेली होती. पोरगा कायले घालवू?"

मी उठले, चप्पल घातली. मग लक्षात आलं. ऐकत होत्या, म्हणजे जाग्या होत्या. ओसरीतून आडवं गेल्याशिवाय मागच्या दाराला जाता येत नाही. मी वळून विचारलं, आई, मग गुंजन तुमच्यासमोरून गेली?

त्यांनी उत्तर दिलं नाही. आजही देणार नाहीत.

मी आता कोणाचं काही कापणार नाही, माझंही नाही. कॅमेऱ्यासमोर मी एक गोष्ट बोलले नव्हते. प्रवीणनं कापायच्या आधी मीच ती गिळली होती. फोन चालू असताना गुंजन आली होती. माझा पदर ओढत होती. तिला काहीतरी दाखवायचं होतं, काय ते मी पाहिलं नाही. मी तिचा हात सोडवला आणि म्हटलं, "जा, आजीजवळ जा."

ती गेली. शहाणी पोरगी होती, सांगितलेलं ऐकायची.

झालं माझं. प्रवीणला माझा शेवटचा जयभीम. त्या दुपारचे आम्ही तिघं होतो, आता दोघी उरलो. आई, उठा, माझ्याजवळ या. सगळ्यांनी उभं राहा. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. आमच्या घराला ते चांगलं जमतं.