पट्टी हलली का?

हॅलो?… हो आई, बोल. चार वाजून बारा मिनिटं. साडेचारला कॉम्प्युटरवर दादाचा फोन, आणि आपला आवाज अजून जात नाहीये. बरं.

नाही, कामात नाही. स्टोअररूममध्ये आलेय, बोल.

गेल्या बुधवारसारखंच ना? तो आपल्याला ऐकू येतो, आपण त्याला नाही… हो, 'हॅलो, हॅलो' करत बसला आणि वेळ संपली. माहितेय.

अगं, जहाजावर सगळ्यांनाच पंधरा मिनिटं देतात. कप्तानाला सांगून काय होणार?… आणि आज जहाज बंदर सोडतंय, मग तीन आठवडे फोन नाही. म्हणून म्हणतेय, आधी ऐक. कॉम्प्युटरसमोर कोण बसलंय?… बाबाच. छान.

नको, त्यांना फोन देऊ नकोस. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना… हो, साडेचारलाच बोलू दे. येत्या गुरुवारी घशाचं ऑपरेशन, त्यानंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टरही सांगत नाहीयेत. दादाला ते स्वतः सांगणार आहेत, आपण मध्ये पडायचं नाही.

…रेकॉर्ड करून पाठवा, असं मीच म्हटलं होतं. वहीत काय लिहून दाखवलं त्यांनी? 'पोराशी बोलायचंय, निवेदन करायचं नाही.' झालं.

आता मी सांगते तसं त्यांना सांग. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'इनपुट'… काय निवडलंय तिथे?… 'वेबकॅम'. हं.

अगं, त्या कॅमेऱ्याचा माइक केव्हाच गेलाय. तू दर वेळी हेडसेट काढून कपाटात ठेवतेस ना, धूळ बसते म्हणून? मग कॉम्प्युटरमधलं लिनक्स बिचारं जे जोडलेलं असेल त्यालाच धरून बसतं… नाही, लिनक्सला नावं ठेवू नकोस, बाबांनी हौसेनं टाकलंय… पेन्सिल आपटली? कितीदा?… दोनदा म्हणजे 'नाही'. बघ, चिडले.

हेडसेट जोडा आणि तो निवडा. कॉलचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा… झालं? खाली एक पट्टी असते, आवाज गेला की हलते… नाही हलत?… माइकच्या चित्रावर फुली?… नाही. वायरवरचं बटण?… तेही चालू. चार बावीस.

काळी खिडकी उघडून कमांड टाइप करतायत? थांबव त्यांना. आई, मला एक सांग. पट्टी बघताना बाबा काही बोलले का?… म्हणजे गप्प बसून तिच्याकडे बघतायत? आणि तू फोन घेऊन पॅसेजमध्ये… मग ती हलणार कशी?

नाही, त्यांना नको बोलायला लावूस. बरोबर आहे त्यांचं, साठवून ठेवलाय आवाज. तू लाव हेडसेट आणि काहीही बोल… सुचत नाही? एरवी कधी असं होतं? आज भाजी काय केलीस ते सांग त्या माइकला…

…हलली? किती?… अर्ध्याच्या वर. पुरे.

चार अठ्ठावीस. हेडसेट बाबांना दे आणि आता कशाला हात लावू नकोस.

…वाजतंय, मलाही ऐकू आलं. उचलू दे. फोन टेबलावर ठेव, बंद करू नकोस. दादाचं बोलणं हेडसेटमध्ये जाईल, मला कळणार नाही. बाबांना सांग, आवाज त्याला पोचला तर पेन्सिल एकदा आपटायची. नाही पोचला तर दोनदा.

…

बोलतायत बाबा… केवढा बारीक झालाय आवाज.

…

एक…

हॅलो?… आई?… कट झाला फोन?… हॅलो?