चाळिसाव्या दिवसाचं उटणं

बी मिझे: पाय झाले, पाठ झाली. आता वळ. पोट राहिलंय.

रिझिकी: पोट राहू दे, सोमो.

बी मिझे: राहू दे काय? अर्धं उटणं लावतात का कधी कोणी?

रिझिकी: गुदगुल्या होतात.

बी मिझे: लग्नात नाही झाल्या त्या? वळ म्हणते ना. माझे गुडघे कामातून गेलेत, बाई. या चटईवरून मला एकदाच उठायचंय.

रिझिकी: मग ऊठ ना. आईला सांग, लावून झालं.

(पेंबा बेटावरचं रिझिकीचं माहेर. तिच्या बाळंतपणाचा आज चाळिसावा दिवस. दुपारची नमाज झाली की तिचा नवरा फाकी तिला आणि बाळाला घरी न्यायला येणार. सोमो म्हणजे लग्नात मुलीला उटणं लावणारी, संसाराच्या चार गोष्टी कानात सांगणारी, आणि मग जन्मभर तिचं बरंवाईट बघणारी बाई. बी मिझेनं आजवर किती जणींना उटणं लावलं, ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही.)

बी मिझे: तुझ्या आईशी खोटं बोलू? तिलाही मीच उटणं लावलंय. माझ्या आवाजावरून ओळखेल ती.

रिझिकी: मग असं सांग, की हिला कणकण आहे. अजून पंधरा दिवस इथेच ठेवा म्हणावं. तुझा शब्द कोणी मोडत नाही.

बी मिझे: कणकण कुठली? कपाळ तर गारढोण आहे. भांडलात का दोघं?

रिझिकी: तो भांडत नाही.

बी मिझे: सासू काही बोलली?

रिझिकी: नाही गं. पंधरा दिवसच मागतेय.

बी मिझे: थांब. हा वास कसला?

रिझिकी: उटण्याचा. लवंग आहे ना त्यात.

बी मिझे: मला शिकवतेस? उटण्यात चंदन आहे, गुलाबपाणी आहे, लवंग आहे ती चिमूटभर. हा वास नुसत्या तेलाचा आहे. आणि तो तुझ्या कमरेला गुंडाळलेल्या कापडाखालून, या कांग्याखालून येतोय. सोड गाठ.

रिझिकी: नको ना.

बी मिझे: सोड म्हणते.

रिझिकी: हळू ओढ. चिकटलाय तो.

बी मिझे: या अल्ला!

रिझिकी: ओरडू नकोस. आई पडवीत आहे.

बी मिझे: अगं, फोड आलेत पोटाला! सोलून निघालंय सगळं. कधी लावलंस हे?

रिझिकी: परवा. आणि काल सकाळी परत. परवा नुसतं चुरचुरलं. मला वाटलं, चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय.

बी मिझे: तेल आणलंस कुठून?

रिझिकी: बाबांच्या दाढदुखीची बाटली. अर्धी संपवली.

बी मिझे: अर्धी! दाढेला कापसाचा एवढासा बोळा लावतात, तरी हिरडी हुळहुळते. जिच्या अंगणात दरवर्षी लवंग वाळत पडते, तिला हे सांगावं लागतं? अक्कल काय चरायला गेली होती?

रिझिकी: तूच सांगितलंस.

बी मिझे: मी?

रिझिकी: सातव्या दिवशी. तू कापडावरूनच माझं पोट बांधत होतीस. मी विचारलं, पोटावरच्या रेघा जातील का? तू म्हणालीस, जातील गं, लवंग सगळं काढते.

बी मिझे: मी उटण्यातल्या लवंगेचं म्हणाले.

रिझिकी: उटणं आज लागणार आणि आजच संध्याकाळी मी त्याच्या घरी. मला घाई होती, सोमो.

बी मिझे: तो पाण्याचा तांब्या इकडे दे. आधी धुऊन घेऊ. लागलं तर सांग.

रिझिकी: लागतंय.

बी मिझे: ऐकलं. अजून थोडं.

रिझिकी: बघितल्यास ना?

बी मिझे: काय?

रिझिकी: रेघा. भाजलंय त्याच्या खाली. बेंबीपासून पार मांड्यांपर्यंत.

बी मिझे: बघितल्या.

रिझिकी: जांभळ्या आहेत.

बी मिझे: दिसतंय मला. गुडघे गेलेत, डोळे नाही गेले.

रिझिकी: लग्नात उटणं लावताना सगळ्या बायकांसमोर तू काय म्हणाली होतीस, आठवतं? ‘इतकी नितळ कातडी आजवर माझ्या हाताखालून गेली नाही.’ फाकीच्या आईनं ते घरी जाऊन त्याला सांगितलं. तीन वर्षं झाली, तो मला तेच ऐकवतो. सोमोला तुझ्यासारखी दुसरी मिळाली नाही, म्हणतो. दिवा मालवू देत नाही मला. आता मीच दिवा मालवायला लागले, तर काय सांगू त्याला?

बी मिझे: ते मी प्रत्येकीच्या लग्नात म्हणते.

रिझिकी: काय?

बी मिझे: प्रत्येकीच्या. तुझ्या आईच्याही म्हणाले होते. सासूच्या देखत म्हणायचं असतं. पोरीचा मान वाढतो, सासूही खूश होते.

रिझिकी: म्हणजे माझी नव्हती?

बी मिझे: होती की. छान होती. विशीत कोणाची नसते?

रिझिकी: तीन वर्षं, सोमो. तीन वर्षं मी ते एक वाक्य जपत बसले. उन्हात गेले नाही. समुद्रावर बायका शेवाळ काढायला जातात, त्यांच्याबरोबर गेले नाही. दगडांनी पाय खरचटतात म्हणून.

बी मिझे: मला काय माहीत? मी आपली बोलून मोकळी होते.

रिझिकी: आणि ते ‘जातील’? ते पण प्रत्येकीला?

बी मिझे: तुझी आई मध कुठे ठेवते?

रिझिकी: सोमो, मी विचारतेय.

बी मिझे: हो. प्रत्येकीला. बाळंतीण विचारते तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो. छाती ठणकत असते, टाके ओढत असतात. तिला ‘नाही जात’ म्हणायला जीभच उचलत नाही. मग म्हणते, जातील. पुन्हा विचारायला कोणी येत नाही. मला वाटायचं, विसरली असेल.

रिझिकी: म्हणजे जात नाहीत.

बी मिझे: रंग उतरतो. वर्षा-दोन वर्षांत फिकट होतात. जात नाहीत.

रिझिकी: माझ्या सगळ्यात वाईट आहेत का?

बी मिझे: नाही.

रिझिकी: खरं सांग. आता तरी.

बी मिझे: खरंच सांगतेय. सगळ्यात वाईट नाहीत आणि सगळ्यात बऱ्याही नाहीत. चारचौघींसारख्या आहेत.

रिझिकी: चारचौघींसारख्या.

बी मिझे: राग आला?

रिझिकी: माहीत नाही. दमलेय मी. चाळीस दिवस झोपेतसुद्धा हे कापड धरून ठेवलंय. आई आंघोळ घालायला आली की तिच्याकडे पाठ करते. बाळ दूध पिताना पाय झाडतं, तर मी आधी कापड सावरते, मग त्याला. आई आहे ना मी त्याची? मग त्याला.

बी मिझे: रड. रडून घे. पण पोट हलवू नकोस, लागेल.

रिझिकी: आता हसवू पण नकोस.

बी मिझे: चूक माझी आहे, रिझिकी. तुझ्या आईला, हलीमाला मीच सांगते.

रिझिकी: काय सांगशील?

बी मिझे: की माझ्या बोलण्यापायी तुझी लेक भाजली.

रिझिकी: गावभर होईल. मग लग्नाला तुला कोण बोलावणार?

बी मिझे: नको बोलावू देत. पन्नास वर्षं पाटावर बसून लोकांच्या लेकींना घासलं. पुरे झालं आता.

आई: झालं का गं? फाकी आलासुद्धा! नमाजला अजून वेळ आहे, तरी आलाय. फणसाखाली बसलाय. घाई नाही म्हणतो आणि दर घटकेला उठून दाराकडे बघतो. बी मिझे, दाराला कडी का घातलीय?

बी मिझे: उघडते. आत ये, हलीमा, आणि आवाज करू नकोस. बाळ झोपलंय.

आई: अगं बाई! हे काय झालं?

बी मिझे: लवंगेचं तेल. लावलं हिनं, पण लावायला कारण माझं तोंड. आधी मध आण. मग मला काय बोलायचं ते बोल.

आई: मध... हो, मध इथेच आहे फडताळात. घे. रिझिकी, चाळीस दिवस मी तुला आंघोळ घालतेय. एकदा तरी दाखवायचंस ना मला.

रिझिकी: तू कधी बघायला मागितलंस?

आई: मला वाटलं, लाजतेस. माझ्या वेळी मीही कोणाला बघू दिलं नव्हतं. म्हटलं, असंच असतं.

बी मिझे: दोघी एकाच माळेचे मणी. सरक, मला मध लावू दे. आज हिचं जाणं नाही, हलीमा. त्या खड्ड्यांतून गाडीनं गेली तर पुन्हा सोलून निघेल. उद्या सकाळी दवाखान्यात दाखवा. पंधरा दिवस तरी इथेच राहू दे. आणि हे मी खरं बोलतेय.

आई: बरं. पण जावयाला सांगू काय? गरम पेज सांडली म्हणते.

बी मिझे: काय गं रिझिकी? मागितले होतेस तेवढे दिवस मिळाले की.

रिझिकी: हो. आणि सोळाव्या दिवशी काय करू?

बी मिझे: ते मला विचारू नकोस. माझ्या उत्तरांनी काय होतं ते बघितलंस.

रिझिकी: आई, त्याला आत पाठव.

आई: आत? बाळंतिणीच्या खोलीत? चाळिसावा दिवस मावळलेला नाही अजून.

बी मिझे: तो नियम या घराला मीच घालून दिला होता, हलीमा. पाठव.

आई: बरं बाई, पाठवते. पण आधी चार शब्द त्याच्या कानावर घालते. एकदम बघून दचकेल बिचारा.

रिझिकी: नको, आई. तू भाजल्याचं तेवढं सांगशील. रेघांचं मला सांगायचंय.