देवराईला हायमास्ट

...आणि वर मलाच विचारतात, "फ्लॅश का मारला नाहीस?" अहो, का म्हणजे? तुम्ही निवांत आंघोळ करताय, डोक्यावर पहिला तांब्या ओतलाय, आणि समोरच्या झुडपातून कुणीतरी फाडकन डोळ्यांत वीज पाडली, तर चालेल तुम्हाला? नाही ना? मग पाखरानं का सोसावं?

तुम्हाला सांगते, सगळं त्या हायमास्टपायी झालं. आमचं गाव वेल्ह्यात, पासलीच्या अलीकडं. गावाच्या वर देवराई, देवराईत देवीचं देऊळ न् झरा, आणि त्या झऱ्यावर उन्हाळ्यात स्वर्गीय नर्तक आंघोळीला येतो. पांढराशुभ्र नर, काळंभोर डोकं, मागं शेपटीच्या दोन लांबच लांब फिती... एकदा बघाल तर हातातला घास हातात राहील! आणि आमचे सरपंच, हनुमंततात्या, म्हणतात की झऱ्याशेजारी उंच खांब उभारायचा, वर मोठे दिवे, रात्रभर लख्ख! अहो, पाखरं तिथंच झोपतात, तिथंच घरटी करतात, ती जाणार कुठं? तात्या म्हणाले, "पोरी, म्या जलमापास्नं त्या झाडीत जातोय, मला तर कावळा बी दिसला न्हाई. ग्रामसभेत फोटू दाव, मग बोलू."

दाखवते की! कॅमेरा आहे, पाखरू आहे... पण उजेड? उजेड कुठंय हो?

आमच्या देवराईत भर दुपारी तिन्हीसांज असते. शटर जलद ठेवलं तर फोटो काळाकुट्ट. सावकाश ठेवलं तर पाखराचं पिठलं. आयएसओ वाढवला, म्हणजे कॅमेऱ्याला म्हटलं, बाबा रे, आहे तेवढ्याच उजेडात डोळे ताणून बघ, तर त्यानं अख्ख्या फोटोवर रवा पेरून ठेवला! भोरात माझा मावसभाऊ इंद्रजित लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडं गेले. तो म्हणतो, "ताई, मी दिवसभर नवरीच्या तोंडावर लाईट मारतो, ती करते का तक्रार?" म्हटलं, नवरी उडून जात नाही. तर म्हणतो, "एक गेली होती."

तरी त्याचा एलईडी घेऊन आले. पण पाखरावर लावायचा धीर होईना. घरटं सोडून गेलं तर? मादी भ्याली तर? म्हणून आधी परड्यात आमच्या कोंबडीवर लावून बघितला... कोंबडी जी माळ्यावर चढली, ती दाणे टाकले तरी उतरेना! दिला परत. मग ऊन परतवायला थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा केला, तर शेजारच्या गेनूच्या म्हशीनं त्याला पाठ घासली. संपला तक्ता.

ग्रामसभा तोंडावर, मला झोप नाही, जेवण जात नाही, आई म्हणते, "नक्की पाखराचंच दुखणं हाय ना?" शेवटी आहेत ते काळे फोटो मोबाईलवर घेऊन तात्यांकडं गेले, म्हटलं, बघा, नीट बघा, इथं पाखरू आहे! तात्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "हेच तर म्हंतोय आमी! केवढा अंधार हाय! बायाबापड्यांनी देवीला जायाचं कसं?"

म्हणजे माझाच पुरावा, आणि साक्ष त्यांच्या बाजूनं! उजेड कुठंय हो?

आणि ग्रामसभेच्या आदल्या दिवशी काय व्हावं? देवीच्या गुरवांची बायको, अंबूबाई, झऱ्यावर धुणं घेऊन आली. मी मनात म्हटलं, गेलं, आता पाखरू येतंय कशाचं! तिनं गुरवकाकांचं धोतर पिळलं, झटकलं, करवंदीच्या जाळीवर पसरलं, आणि... अहो, झाडांच्या फटीतून उन्हाचा एकच कवडसा नेमका त्या धोतरावर पडला, आणि तिथून सगळ्या झऱ्यावर दुधासारखा मऊ उजेड! आणि पाखरू आलं! "अंबूकाकू, हलवू नका!" "आगं, म्हाताऱ्याचं धोतर हाय त्ये, त्येचा कसला फोटू काढतीस?" मी बटण दाबलं. काढला!

ग्रामसभेत शाळेच्या भिंतीवर फोटो लावला. पांढरं पाखरू, उडालेलं पाणी, शेपटीची फीत न् फीत मोकळी... तात्यांचं तोंड उघडंच! मला वाटलं, जिंकले! मग तात्या सावकाश उठले. "मंडळी, पाखरू हाय, कबूल. पर बघितलंत? एवढा लख्ख उजेड पडलाय आन गडी खुशाल आंघोळ करतोय! त्याला उजेडाचा काय बी तरास न्हाई. मंजूर?" "मंजूर!" मी ओरडतेय, अहो, तो दिव्याचा उजेड नाही, ते धोतर आहे! "कुणाचं धोतर?" झालं... सगळी सभा वळून गुरवकाकांकडं बघायला लागली!

देवराईतली फांदी तोडायची नाही, म्हणून खांब झऱ्याच्या कडेला मोकळ्यात उभा केला. दिवे चढले, नारळ फुटला. फक्त वीज जोडायची राहिली, ती आजतागायत राहिलीये. आजवर गावात लाईट येत नाही म्हणून अर्ज करणारी मी, आता रोज देवीसमोर हात जोडते, आई, येऊ देऊ नकोस!

आणि पाखरू? ते आता त्या खांबावरच बसतं! भर उन्हात! मी धावत जाऊन फोटो काढला... पण मागं चकचकीत आभाळ, पुढं पाखरू, फोटो पुन्हा काळाच! तेवढ्यात तात्या मागून डोकावले.

"आरारा, आजून अंधारच हाय की गं पोरी! थांब, वायरमनला आत्ताच फोन लावतो."

तेव्हापासून मी कॅमेरा पिशवीतून काढलेलाच नाही.